कॉलेजातली पाहुण्यांची व्याख्यानं आणि मैफली: मुलं मनापासून बसावीत म्हणून काय करता?

विश्रामबागवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात शिकवते. यंदा सांस्कृतिक समितीचं काम माझ्याकडे आलंय. महिन्याला एक व्याख्यान किंवा एक कलाकार असा वर्षभराचा बेत आहे. प्राचार्यांचा पाठिंबा आहे. पैसे बेताचेच, पण आहेत. अडचण वेगळीच आहे. हॉल भरतो, पण तो भरवावा लागतो. एनएसएसची मुलं पुढे, हजेरीसाठी आणून बसवलेले वर्ग मागे, आणि स्वागत-सत्कार चालू असतानाच मागच्या दारानं एकेक जण पसार. वक्ता बोलायला उभा राहतो तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात.

हे सांगलीत व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं केलं. आजही ५ नोव्हेंबरला भावे गौरव पदक कोणाला मिळतंय याची नाटकवाल्यांत चर्चा असते. त्या गावातल्या मुलांना समोर बसून गाणाऱ्या माणसाला तासभर ऐकावंसं वाटत नाही, यात दोष मुलांचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. आपण कार्यक्रम आखतो कसा, तिथेच कुठेतरी गडबड आहे.

ज्यांनी असे कार्यक्रम घेतलेत, सादर केलेत किंवा विद्यार्थी म्हणून ऐकलेत, त्या सगळ्यांनी लिहा. नुसतं 'हल्लीची पिढी' असं लिहू नका, एवढी विनंती.

कृष्णाकाठ

ताई, दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रमुख उपस्थितांचं मनोगत. हे सगळं झाल्यावर वक्ता. मग अध्यक्षीय समारोप आणि आभार. माझी सगळी नोकरी हे बघण्यात गेली. वक्त्यापर्यंत पोचायलाच पाऊण तास लागतो, मग मुलं उठली तर नवल काय?

सत्कार प्राचार्यांच्या खोलीत उरकावा. परिचय दोन वाक्यांचा, तोही विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलेला. अध्यक्ष नकोतच. संस्थेचे पदाधिकारी नाराज होतील ही भीती सगळ्यांना असते. त्यांना पहिल्या रांगेत श्रोते म्हणून मानानं बसवा. बहुतेकांना बोलायची हौस नसते, आपणच त्यांच्यापुढे माइक धरतो.

एसटीचा_पास

मॅडम, मी विद्यार्थिनी आहे. तासगाव तालुक्यातून रोज येते. एक साधी गोष्ट कुणीच लक्षात घेत नाही. कार्यक्रम नेहमी दुपारी तीन-साडेतीनला ठेवतात. 'लेक्चर बुडू नयेत' म्हणे. साडेतीनचा कार्यक्रम सव्वाचारला सुरू होतो आणि आमची गाडी पाचला असते. ती चुकली तर पुढची कधी येईल याचा नेम नाही. घरी अंधार पडायच्या आत पोचायचं असतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाण्यावरूनच बोलणी बसतात.

मागच्या दारानं जाणाऱ्यांत आम्ही गावाकडच्या मुलीच जास्त असतो. आम्हाला कंटाळा आलेला असतो असं नाही. मागच्या वर्षी एका बाईंचं कथ्थक होतं. त्या घुंगरू बांधत होत्या तेव्हा आम्ही निघालो. एका पायात बांधून झाले होते, दुसऱ्याला बांधत होत्या. नाच काही बघायला मिळाला नाही.

नेपथ्य

वरचा प्रतिसाद प्रत्येक सांस्कृतिक समितीच्या फळ्यावर लावायला हवा.

विश्रामबागवाली

@एसटीचा_पास, बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. आता वेळ सकाळचीच. अकरा ते साडेबारा, तासिका धरून. वेळापत्रकासाठी भांडावं लागलं तर भांडेन.

उगाच_शंका

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. चांगल्यात चांगला वक्ता, गवई, नर्तक आज मोबाइलवर फुकट आहे. मुलाला आवड असेल तर तो शोधून ऐकेल, नसेल तर हॉलमध्ये कोंडून आवड लागणार नाही. कॉलेजनं हा पैसा ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत घालावा. बहुतेक कार्यक्रम नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीत फोटो लावण्यासाठीच होतात, हे आपण सगळे जाणतो.

जवारी

@उगाच_शंका, फोटोंचं म्हणालात ते खरं आहे. मोबाइलबद्दल मात्र मला पटलेलं नाही. थोडं सविस्तर लिहितो.

मी मिरजेचा. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या तंबोरे आणि सतारी घडतात. हत्यारं करणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हातात घेतलं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या गल्लीपासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या किती मुलांनी तंबोऱ्याला हात लावलाय?

एका कॉलेजात आम्ही गवयाच्या आधी तंबोरा करणाऱ्या कारागिरालाच बोलावलं. त्यांना भाषण येत नव्हतं आणि आम्ही मागितलंही नाही. त्यांनी तंबोरा आडवा ठेवला, मुलांना भोवती बसवलं आणि तार छेडली. आवाज कोरडा, ठक्क. मग घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवला. तो बोटानं केसभर पुढे, केसभर मागे करत राहिले. एका जागी आल्यावर त्याच तारेतून अशी गुंज निघाली की मागची मुलं उठून पुढे आली. 'हीच जवारी,' एवढंच ते बोलले. मग प्रत्येकाला धागा सरकवून बघू दिला. जागा सापडली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होत होते.

त्यानंतर गाणं सुरू झालं तेव्हा मुलं आधी तंबोरा ऐकत होती, मग गायिकेचा षड्ज, म्हणजे 'सा', त्यात कसा मिसळतो ते ऐकत होती. रागाचं नाव कुणाला माहीत नव्हतं, त्यानं काही अडलं नाही. मोबाइलच्या स्पीकरवर तंबोऱ्याची ती गुंज निम्मीसुद्धा ऐकू येत नाही. हात लावून बघणं तर दूरच.

कोरेगावकर

@जवारी, फार सुंदर. मी साताऱ्याकडचा. आमच्या वेळी कॉलेजात सगळ्यात जास्त गर्दी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या कार्यक्रमाला व्हायची. तेही व्याख्यानच, पण आधी हातानं करून दाखवायचे. जिभेवर जळता कापूर, नारळातून निघणारी करणी, पाण्यावर पेटणारा दिवा. मग विद्यार्थ्यालाच वर बोलावून तेच करायला लावायचे आणि त्यामागचं रसायनशास्त्र त्याच्याच तोंडून काढून घ्यायचे. तोवर हॉल असा काही तापलेला असायचा की प्रश्नोत्तरं तास-तास चालायची. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरं देव, अंगात येणं, भानामती यांवर भांडायला उभी राहायची. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे, त्यामुळे इथल्या कॉलेजांना हे कार्यक्रम घरचेच होते.

हरिपूरचा_घाट

दाभोलकर साताऱ्याचे खरे, पण शिकले सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि डॉक्टर झाले मिरजेत. निम्मे आमचे!

कोरेगावकर

घ्या निम्मे, पण कंदी पेढे पूर्ण आमचेच.

साऊंड_चेक

मी सांगली-मिरज-इस्लामपूर पट्ट्यात ध्वनिव्यवस्थेचं काम करतो. कॉलेजच्या कार्यक्रमांचं सांगतो. निम्मे कार्यक्रम आवाजानं पडतात आणि खापर फुटतं कलाकारावर.

कॉलेजचे हॉल वर पत्रा, खाली फरशी असे. आवाज घुमतो आणि तिसऱ्या रांगेपलीकडे शब्द कळत नाहीत. उपाय फार महाग नाहीत. मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा जिमखान्यातल्या गाद्या उभ्या करा. स्पीकर माइकच्या पुढे हवेत, मागे ठेवले की शिट्टी वाजणारच. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी समोर एक मॉनिटर लागतोच लागतो. तो नसला की गायक ओरडून गातो आणि दहा मिनिटांत गळा बसतो. तंबोऱ्याला वेगळा माइक. तबल्याला दोन असले तर उत्तम. अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमधून सारखं घूं घूं येतं, ते कॉलेजच्या वायरमनला आदल्या दिवशीच बघायला सांगा. आणि व्यासपीठावरचे पंखे गाणं चालू असताना बंद करा, वाऱ्याची घरघर थेट माइकात जाते.

सगळ्यात महत्त्वाचं, कलाकार हॉलमध्ये तासभर आधी पोचला पाहिजे. त्याला प्राचार्यांच्या खोलीत चहा-पोहे देत बसवून ठेवतात आणि मग थेट मंचावर आणतात. आवाज लावायला वेळ कुठून मिळणार? भाषणासाठीसुद्धा हेच. ज्येष्ठ वक्त्याला उभ्या माइकपुढे मान वाकडी करून बोलायला लावू नका, कॉलरचा माइक द्या.

कृष्णाकाठ

मामा, हे वाचून समजलं की आमच्या हॉलमध्ये कुणाचंच काही का ऐकू यायचं नाही. लाख मोलाचं लिहिलंत.

माणदेशी_वारा

मला मानधनाबद्दल बोलायचंय आणि जरा चिडूनच बोलायचंय.

माझे मामा गजी ढोल खेळतात, म्हणजे ढोलावरचा धनगरांचा रिंगणातला नाच. आटपाडी-जत-माण पट्ट्यात धनगरांची गजी आणि ओव्या अजून जिवंत आहेत. एका कॉलेजनं 'लोककला महोत्सव' म्हणून त्यांच्या मंडळाला बोलावलं. पहाटे निघून टेम्पोनं आले. त्याच दिवशी मुंबईहून एक वक्ते आले होते 'लोकसंस्कृती' या विषयावर बोलायला. वक्त्यांना गाडी, लॉज, मानधनाचं पाकीट. मामांच्या मंडळाला फेटा, नारळ आणि 'आपलीच माणसं हो' असं गोड बोलणं. टेम्पोचं भाडं त्यांनी घरून भरलं. वर मंचावर वेळ दिली दहा मिनिटं. गजी रंगायलाच तेवढी मिनिटं लागतात. आधी ढोल घुमतो, मग रिंगण धरतं, मग पावलं बदलत जातात. ढोल चढायला लागला आणि सूत्रसंचालकानं 'वेळेअभावी' म्हणून थांबवलं.

माझं म्हणणं सरळ आहे. मानधन अंतरावरून ठरवू नका. जवळचा कलाकार म्हणजे फुकटचा कलाकार नव्हे. आणि गजी मंचावर घेऊच नका. ती मैदानात घ्या, मुलांना रिंगणात ओढा. आमच्या भागातली कितीतरी पोरं तुमच्याच वर्गात बसलेली असतात. त्यांच्या घरचं जे आहे ते कॉलेजात सन्मानानं आलं तर ती सरळ ताठ चालायला लागतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

नेपथ्य

माणदेशी दादा, शंभर टक्के बरोबर. सांगली जिल्ह्यानं किती कलावंत दिले ते आठवा. कवलापूरचे काळू-बाळू, रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. नागठाण्याचे बालगंधर्व आणि हरिपूरचे देवल यांची नावं आपण भाषणात घेतो, मोठी चित्रंही लावतो. तमाशावाल्यांचं नाव घेताना मात्र अजून कुजबुज होते. कॉलेजच्या मंचावर चांगला वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, यायला काय हरकत आहे? संवादाची फेक, हजरजबाब, हलगी-ढोलकीची लय, हे एकांकिका बसवणाऱ्या पोरांनी तिथूनच शिकावं.

युवा महोत्सवासाठी पोरं महिना-महिना तालमी करतात, बक्षीस घेतात आणि विषय संपतो. ज्या पोरांनी लोकनृत्य बसवलंय त्यांनाच त्या कलेच्या जुन्या जाणत्या माणसासमोर बसवा. तो त्यांच्यातल्या चुका दाखवेल, दोन पावलं करून दाखवेल. असं व्याख्यान मुलं जन्मात विसरणार नाहीत.

उगाच_शंका

@जवारी, @माणदेशी_वारा, तुमचे प्रतिसाद वाचून विचारात पडलो. तंबोऱ्याचं उदाहरण मान्य. पण ते व्याख्यान कुठे होतं? ती कार्यशाळा झाली. माझा आक्षेप शंभर-दोनशे मुलांना रांगेत बसवून तासभर उपदेश करण्यावर आहे आणि तो कायम आहे.

पूररेषा

व्याख्यानाची बाजू घेतो. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या कॉलेजात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना बोलावलं होतं. सोबत फक्त नकाशे आणि खडू. कोयना धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. हे आकडे आम्ही बातम्यांत रोज ऐकले होते, पण एकमेकांशी कसे जोडलेत ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फळ्यावर कृष्णा काढली. वारणा कुठे मिळते, पंचगंगा कुठे मिळते, पाणी कुठे तुंबतं ते एकेक करून दाखवलं. मग विचारलं, 'तुमच्या गावात पाणी कुठून शिरलं?'

ज्यांची घरं बुडाली होती अशी पोरं उठून फळ्याजवळ गेली. ओढ्यातून की थेट नदीतून, रात्री की पहाटे, ते स्वतः नकाशावर दाखवायला लागली. अलमट्टीवरून दोन पोरांची खडाजंगी झाली. सरांनी दोघांनाही पूर्ण बोलू दिलं, मग आपलं म्हणणं आकड्यांनी मांडलं. दोनशे मुलं होती आणि एकही उठलं नाही. वक्ते काही नामवंत नव्हते, पण विषय आमच्या उंबऱ्यातला होता.

त्यामुळे ताई, पाहुणा ठरवताना आधी नाव बघू नका. आपल्या मुलांना छळणारा प्रश्न कोणता ते बघा. हळदीचा बाजार, द्राक्षावरची औषधं आणि बागायतदाराचं कर्ज, जतचं पाणी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरांचं शिक्षण. वक्ते आपल्याच जिल्ह्यात सापडतात.

एसटीचा_पास

पूररेषा दादांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे असं कुणी आलं असतं तर मी गाडी सोडली असती.

नेपथ्य

आता सक्तीबद्दल. माझं मत इथल्या बहुतेकांना आवडणार नाही. थोडी सक्ती हवीच. मला अकरावीत एका सरांनी जबरदस्तीनं शास्त्रीय गायनाला बसवलं होतं. पहिला अर्धा तास मी चुळबुळत होतो, नंतर गाण्यानं धरून ठेवलं. ज्या घरात या गोष्टी कधी आल्याच नाहीत, त्या घरातलं पोर आपणहून येईल कसं? आवड असलेल्यांनाच बोलावलं तर तीच चाळीस डोकी दर वेळी दिसतील, आणि ती बहुधा शहरातली, शिकलेल्या घरची असतील.

जवारी

मी याच्या विरुद्ध आहे. शास्त्रीय संगीत आणि नृत्य विद्यार्थ्यांपर्यंत नेणाऱ्या स्पिक मॅके या संस्थेचं काम बघा. १९७७ साली किरण सेठ यांनी दिल्लीत सुरू केलं. मोठमोठे कलाकार तिथे अल्प मानधनात शाळा-कॉलेजांत जाऊन गातात, वाजवतात, समजावून सांगतात. तिथे मांडणीच अशी की विद्यार्थी स्वतः कार्यक्रम उभा करतात. स्टेशनवर कलाकाराला आणायला तेच, सतरंज्या अंथरायला तेच, चहा द्यायला तेच. ज्यानं सतरंजी अंथरली तो उठून जात नाही, उलट मित्रांना ओढून आणतो. सक्तीनं आणलेली शंभर मुलं कुजबुजत बसली तर गाणारा माणूस मनातून विझतो. बैठक लहान असली तरी चालेल.

नेपथ्य

पण सतरंजी अंथरायला कोण येतं? ज्याला सर ओळखतात तोच. शेवटच्या बाकावरच्या मुलाला कुणी विचारतच नाही. वर्गाच्या हजेरीनं निदान तो दारापर्यंत तरी येतो.

कृष्णाकाठ

दोघांचंही खरं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्षातला एक कार्यक्रम तासिकेत घेऊन सगळ्यांना दाखवावा. पुढचे सगळे ऐच्छिक. आणि समितीत शेवटच्या बाकावरची मुलं मुद्दाम घ्यावीत. त्यांना कामं दिली की ती आपल्याला थक्क करतात.

नेपथ्य

काका, पहिल्या वर्षाचं मान्य. पण एकच कार्यक्रम पुरणार नाही, निदान तीन हवेत. एका बैठकीत कान तयार होत नाही.

भडंगप्रेमी

शेवटी सगळ्यांना भडंग द्या. सक्तीची गरजच पडणार नाही!

विश्रामबागवाली

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. समितीची बैठक झाली, त्यात जे ठरलं ते लिहिते.

जुलै ते सप्टेंबर आणि मग जानेवारी-फेब्रुवारी, महिन्याला एक कार्यक्रम. दिवाळीच्या आगेमागे परीक्षा असतात, तेव्हा काही नाही. वेळ अकरा ते साडेबारा. सत्कार खोलीत, अध्यक्ष नाहीत, परिचय विद्यार्थ्यांचा. पदाधिकाऱ्यांपैकी एकांनी कुरकूर केली, प्राचार्यांनी सांभाळून घेतलं. पहिलं व्याख्यान नदीवर, अभियंत्यांचा शोध सुरू आहे. @पूररेषा, त्यांचा संपर्क निरोपातून कळवाल का? दुसरा कार्यक्रम गजीचा, मैदानात, दीड तास पूर्ण त्यांचाच. मानधन आणि टेम्पोचं भाडं बाहेरून येणाऱ्या वक्त्याला देतो त्याच दरानं. ते मी बैठकीत लिहूनच घेतलं. @माणदेशी_वारा, मामांशी बोलायला मी स्वतः येईन.

तंबोऱ्याचं मला आधी एकटीला जाऊन बघायचंय. @जवारी, तो कारागीर कॉलेजात आला की मुलांचं भागतं, की मुलांना लहान लहान गटांनी गल्लीतच न्यावं?

जवारी

गल्लीतच न्या. तिथे लाकडाचा भुसा उडताना दिसतो, टांगलेले भोपळे दिसतात, एकाच दुकानात बाप घोडी घासतोय आणि मुलगा तारा चढवतोय असं दिसतं. पण पंधरापेक्षा जास्त मुलं एकावेळी नकोत, दुकानं चिंचोळी आहेत. आधी विचारून जा, कारण बाहेरगावच्या ऑर्डरी असल्या की त्यांना मान वर करायला सवड नसते. येताना मीरासाहेब दर्ग्यात जा, तिथे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली ते प्रवासात गेले, पण विसावले मिरजेतच. उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं तेव्हा मोठमोठे कलाकार तिथे हजेरी लावतात. तिकीट नसतं. मुलांना रात्र काढता आली तर ती एक रात्र पुरेल.

एसटीचा_पास

जवारी काका, रात्रीचं आम्हा मुलींना जमणार नाही. उरुसात दिवसा काही असतं का?

जवारी

बाळा, यंदाची वेळ विचारून दोन दिवसांत इथेच लिहितो. आणि दिवसा बैठक नसलीच, तर त्या दिवसांत मिरजेत उतरलेल्यांपैकी एखाद्या कलाकाराला सकाळी तुमच्या कॉलेजात यायची विनंती करून बघू. ताई, अकराची वेळ तेवढी मोकळी ठेवा.